अंतर राखूनही सर्वांचे ऐकून घेणारी चर्चा कशी घ्यावी

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि माणसांनी एकमेकांपासून किमान १ मीटर दूर राहावे, हा सल्ला जगभर पोहोचला. त्याच महिन्यात संघटनेने ‘सामाजिक अंतर’ हा शब्द बाजूला ठेवून ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली, कारण लांब ठेवायची होती ती शरीरे. माणसांचे आपसातले बोलणे तोडायचे नव्हते. प्रत्यक्षात मात्र आधी तुटले ते बोलणेच. सभेच्या जागांना कुलपे लागली, पण एकटे राहणाऱ्यांना औषधे कोण पोहोचवणार, सामाईक जागा कधी उघडायच्या, मुलांच्या शिकण्याचे काय करायचे, हे प्रश्न काही थांबले नाहीत. मग ज्यांच्याकडे साधने होती ते पडद्यावर जमले आणि त्यांनी जे ठरवले ते सर्वांनी ठरवले, असे धरले गेले.

अंतर राखण्याच्या काळात एखाद्या समूहाची चर्चा पहिल्यांदाच घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साथ ओसरली तरी ही माहिती जुनी होत नाही, कारण पुन्हा कधी घरातच थांबण्याची वेळ आली तर अडचणी त्याच असतील. पुढच्या साऱ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे: आखणी सुरू करायची ती सर्वांत कमी साधने असलेल्या माणसापासून, आणि मग वरच्या सोयी जोडत जायचे. बहुतेक संयोजक नेमके उलटे करतात. आधी व्हिडिओ बैठक ठरवतात आणि नंतर ‘ज्यांना जमत नाही त्यांचे काय’ याचा विचार करतात. तोवर वेळ, भाषा, साधन आणि विषय हे सारे ठरून गेलेले असते, आणि मागाहून येणाऱ्याला फक्त होकार देणे उरते.

पहिली पायरी: नेमके काय ठरायचे बाकी आहे ते लिहून काढा

चर्चेचा विषय एका वाक्यात, प्रश्नाच्या स्वरूपात लिहा. ‘सद्यपरिस्थितीवर विचारविनिमय’ हा प्रश्न नव्हे. ‘पुढचे २ महिने मदतीच्या फेऱ्या कोणी आणि कोणत्या वेळी करायच्या’ हा प्रश्न आहे. त्याच्याखाली प्रामाणिकपणे नोंदवा की यातले काय आधीच ठरले आहे आणि काय खरोखर लोकांच्या हातात आहे. लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या तळाशी लोकांना नुसते समजावून गप्प करणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि मत विचारणे आहे, आणि अगदी वर निर्णयाचा अधिकार लोकांकडे आहे. प्रत्येक चर्चा वरच्या पायरीवरच असली पाहिजे असा आग्रह नाही. साथीच्या काळात काही निर्णय तज्ज्ञांनी आणि प्रशासनानेच घ्यायचे असतात. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते निमंत्रणातच सांगावे. निर्णय झालेला असताना मत विचारले, हे लोकांच्या लगेच लक्षात येते, आणि पुढच्या वेळी ते फोन उचलत नाहीत.

दुसरी पायरी: गैरहजर राहणाऱ्यांची यादी आधी करा

एक कागद घ्या आणि त्यावर दोन रकाने आखा. डावीकडे नेहमी हजर असणारी माणसे लिहा. ती आपोआप आठवतील. उजवीकडे या निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे, पण जे बहुधा येणार नाहीत, अशांची नावे लिहा. उजवा रकाना भरायला वेळ लागतो, आणि तो लागला पाहिजे. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही असे लोक जगात थोडे नाहीत: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे ३६० कोटी माणसे इंटरनेट वापरत नव्हती. ज्या घरात इंटरनेट आहे तिथेही एकच फोन तिघा-चौघांत फिरत असतो, आणि बैठकीच्या वेळी तो मुलाच्या वर्गासाठी अडकलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १५ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह जगतात, म्हणजे साधारण दर ७ माणसांत एक. आपल्या यादीतल्या २० जणांत असे एकही माणूस नसेल, तर समूहात तसे कोणी नाही असे समजण्यापेक्षा आपल्याला ते ठाऊक नाही असे समजणे अधिक बरोबर ठरेल.

या रकान्यात सहसा कोण येते? घरातल्या आजाऱ्याची किंवा लहान मुलांची देखभाल करणारे, पाळीने काम करणारे, समूहाची मुख्य भाषा सहज न बोलणारे, कमी ऐकू येणारे, कमी दिसणारे, नुकतेच राहायला आलेले, आणि मागे कधी तरी बैठकीत अपमान झाल्यामुळे येणेच सोडलेले. शेवटचा गट बहुतेक संयोजक विसरतात. त्यांना साधन नको असते. कोणी तरी स्वतः फोन करून ‘तुम्ही यावे असे वाटते’ म्हणणे हवे असते.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष फोन करा. शक्य नसेल तर त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप पोहोचवा. विचारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. बोलायला कोणती वेळ सोयीची आहे, फोन स्वतःचा आहे की सामाईक, कोणत्या भाषेत बोलणे आवडेल, आणि चर्चेत भाग घेणे सोपे व्हावे म्हणून आम्ही काय करू शकतो. शेवटचा प्रश्न असाच मोकळा ठेवा. ‘तुम्हाला काही अपंगत्व आहे का’ असे विचारले की माणूस आवरून घेतो. ‘आम्ही काय करू’ असे विचारले की तो ‘जरा हळू बोला, मला ओठ दिसले पाहिजेत’ असे नेमके सांगतो.

तिसरी पायरी: साधन निवडताना तळापासून वर जा

सर्वांत कमी सोयींचे पण सर्वांत दूर पोहोचणारे साधन म्हणजे साधा फोन. चर्चेत भाग घेण्याची किमान पातळी तीच धरावी: ज्याच्याकडे केवळ बटणांचा फोन आहे त्यालाही पूर्ण चर्चा ऐकता आली पाहिजे आणि बोलता आले पाहिजे. व्हिडिओ ही त्यावरची जास्तीची सोय आहे. खर्चाचा फरकही मोठा आहे. अनेक चेहरे दिसणारी व्हिडिओ बैठक तासाला १ जीबीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक डेटा खाऊ शकते, तर तीच बैठक फक्त आवाजावर ऐकली तर सहसा १०० एमबीच्या आत भागते. म्हणून कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला ‘जरा चेहरा दाखवा’ म्हणून टोकू नये. त्याचा डेटा संपत आलेला असेल, किंवा मागची खोली दाखवायची नसेल. दोन्ही कारणे त्याच्यापाशी राहू द्यावीत.

बैठकीचे ॲप निवडताना त्याला साध्या फोनवरून जोडता येते का, हे आधी तपासा. ही सोय मोफत खात्यात असेलच असे नाही. झूमवर फोनवरून आलेल्या माणसाला स्टार आणि ६ दाबून म्यूट काढता येते, आणि स्टार आणि ९ दाबून हात वर करता येतो. हे दोन आकडे निमंत्रणात मोठ्या अक्षरांत द्या आणि बैठकीच्या सुरुवातीला तोंडी सांगा. तिथेच मोफत खात्यावरच्या बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा असते. ती ठाऊक नसली की नेमके कोणी भीतभीत बोलायला लागले असताना बैठक तुटते. ॲपवरून साध्या फोनला जोडणे जमतच नसेल, तर एक कार्यकर्ता आपल्या फोनवर तिघा-चौघांचा कॉन्फरन्स कॉल लावून तो स्पीकरवर टाकू शकतो आणि बैठकीच्या संगणकाजवळ ठेवू शकतो. आवाज थोडा घुमतो, पण काम होते.

आता एक पर्याय जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तो सर्वांत कमी वापरला जातो. सर्वांनी एकाच वेळी बोललेच पाहिजे असे नाही. ज्या समूहात पाळीने काम करणारे आणि देखभालीत अडकलेले लोक अधिक असतात, तिथे ४ दिवस चालणारी सावकाश चर्चा एका तासाच्या बैठकीपेक्षा अधिक जणांपर्यंत पोहोचते. पहिल्या दिवशी प्रश्न दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात सर्वांना पाठवा, आणि तोच मजकूर लिहूनही पाठवा. पुढचे दोन दिवस उत्तरे येऊ द्या: ध्वनिसंदेश, लिखित संदेश, किंवा ज्याला दोन्ही जमत नाही त्याने मिस्ड कॉल द्यायचा आणि मदतनीसाने उलट फोन करून त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी रात्री सर्व मुद्दे एकत्र करून, कोणाचे नाव न घेता, वाचून दाखवणारा एक संदेश तयार करा. चौथ्या दिवशी लोकांनी त्यावर प्रतिक्रिया द्यायच्या: कोणता मुद्दा सुटला, कोणता चुकीचा मांडला गेला, कशाला सहमती आहे. ज्यांना बोलण्याआधी विचार करायला वेळ लागतो ती माणसे इथे खुलतात. तोटाही आहे. तापलेल्या वादात हे माध्यम फसते, कारण कडक शब्दांचा संदेश रात्रभर पडून राहतो आणि सकाळपर्यंत त्याचे भांडण झालेले असते. वाद अपेक्षित असेल तर थेट बोलणेच बरे.

चौथी पायरी: मोकळ्या जागेत जमायचे असेल तर आधी गणित करा

स्थानिक नियम परवानगी देत असतील तर उघड्यावर, अंतर ठेवून जमणे हाही मार्ग आहे, आणि फोनला कंटाळलेल्या लोकांना तो हवाहवासा वाटतो. पण अंतर राखून बसलेल्या वर्तुळाचे गणित फार जण करत नाहीत. २० माणसे दोघांत २ मीटर अंतर ठेवून गोल बसली तर वर्तुळाचा घेर ४० मीटर होतो, म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोघांत जवळजवळ १३ मीटर अंतर पडते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, त्यात तोंडावर मास्क; म्हणजे पलीकडच्या माणसाचे शब्द निम्मे कळणार आणि उरलेले अंदाजाने भरून काढावे लागणार. कमी ऐकू येणाऱ्याला तर तोही आधार नाही, कारण मास्कने ओठ झाकले आहेत. त्याच २० जणांचे १०-१० चे दोन गट केले तर वर्तुळाचा व्यास साडेसहा मीटरच्या आत येतो आणि आवाज न चढवता बोलता येते. दोन गटांत पुरेसे अंतर ठेवा, दोन्हीकडे वेगळे टिपणकार बसवा, आणि शेवटी प्रत्येक गटाचे म्हणणे ध्वनिक्षेपकावरून सांगा.

ध्वनिक्षेपक एकच असेल तर तो हातोहात फिरवू नका. एका जागी स्टँडवर ठेवा आणि बोलणाऱ्याने तिथे यावे, किंवा एकाच मदतनीसाने तो धरावा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी स्टँडची उंची कमी करता आली पाहिजे. ओठ वाचून समजून घेणारे कोणी असतील तर सूत्रधारासाठी पारदर्शक खिडकीचा मास्क मिळवावा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपकाजवळ एक फोन सुरू ठेवा. मात्र तो फोन सांभाळायला माणूस नेमा, नाही तर पलीकडचा माणूस तासभर नुसता वारा ऐकत बसतो.

पाचवी पायरी: निमंत्रण आणि आदल्या दिवशीची तालीम

निमंत्रणात प्रश्न, दिवस, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जोडण्याचे दोन तरी मार्ग आणि अडचण आल्यास फोन करायचा क्रमांक एवढे पुरे आहे. ते लिखित आणि ध्वनी अशा दोन्ही स्वरूपांत पाठवा. सजवलेले चित्र एकटे पाठवू नका: स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला चित्रातली अक्षरे भरवशाने ऐकू येत नाहीत, आणि स्कॅन केलेल्या कागदाचेही तेच होते. बैठकीत पडद्यावर जे दाखवणार असाल ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन दिवस आधी द्या, कारण बैठकीत दाखवलेला पडदा पलीकडच्या स्क्रीन रीडरच्या दृष्टीने निव्वळ एक चित्र असतो.

आदल्या दिवशी १५ मिनिटांची तालीम ठेवा, आणि ती पहिल्यांदा जोडल्या जाणाऱ्यांसाठी राखून ठेवा. त्यांना म्यूट काढायला, हात वर करायला आणि बैठक तुटली तर परत यायला सांगा. तीन वेळा करून पाहिले की भीती जाते. ही पायरी मी एकदा घाईत गाळली होती, आणि मुख्य बैठकीची पहिली २५ मिनिटे ‘आवाज येतोय का’ यातच गेली.

सहावी पायरी: कामे वाटून घ्या

एकट्याने चर्चा चालवणे, लोकांना जोडून घेणे आणि टिपणे काढणे हे तिन्ही नीट होत नाही. किमान चार कामे चार जणांकडे असावीत. सूत्रधार फक्त चर्चा चालवतो. तांत्रिक मदतनीस तुटलेल्यांना परत जोडतो आणि चॅटमधले मुद्दे मोठ्याने वाचून दाखवतो, कारण फोनवर असलेल्यांना चॅट दिसत नाही. टिपणकार निर्णय आणि मतभेद दोन्ही उतरवतो. चौथा माणूस फोनवरून आलेल्यांचा सोबती असतो; त्यांचे हात वर आहेत का एवढेच तो पाहतो. हे चौथे काम अनेकांना फालतू वाटते, म्हणून एक प्रसंग सांगते.

एका बैठकीत आम्ही १४ जण होतो. ११ पडद्यावर आणि ३ फोनवर. घरात अलग राहणाऱ्यांना मदत कशी मागता येईल, यावर बोलणे चालले होते आणि सर्वांचे जवळजवळ ठरले होते की एक मदतक्रमांक पुरेसा आहे. मी समारोपाकडे वळले तेव्हा सोबतीचे काम करणाऱ्या मुलाने मला थांबवले. शेवटी ४७ असलेल्या क्रमांकाचा हात बराच वेळ वर होता, पण पडद्यावर तो चेहऱ्यांच्या दुसऱ्या पानावर होता आणि मला दिसलाच नव्हता. मी म्हणाले, “आजी, तुमचाच नंबर आहे ना? बोला.” काही क्षण काहीच ऐकू आले नाही, मग बटण दाबल्याचा टूं असा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, “अगं, आमच्या ह्यांना फोनची रिंगच ऐकू येत नाही आणि दाराची बेलही नाही. मी आजारी पडले तर ते कोणाला आणि कसे सांगणार? त्यापेक्षा खिडकीला रंगीत फडके बांधायचे ठरवा. फडके दिसले की कोणी तरी वर यावे.” ती सूचना तिथेच मान्य झाली. सोबती नसता तर मी बैठक संपवून सर्वांचे आभार मानले असते.

सांकेतिक भाषेचे दुभाषी लागणार असतील तर तासाभराच्या बैठकीसाठी दोघे बोलवा. हे काम इतके थकवणारे असते की ते दर २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलतात. त्यांच्या चेहऱ्यावर समोरून उजेड असावा, आणि ज्यांना गरज आहे त्यांना दुभाषाची चौकट पडद्यावर कायम कशी ठेवायची ते तालमीत दाखवावे. आपोआप उमटणारी कॅप्शन्स मदत करतात, पण सर्व भाषांत ती नसतात आणि नावे हमखास चुकतात. वेगाने टंकलेखन करणारा एखादा माणूस सारांश लिहीत राहिला तर तो अनेकदा अधिक उपयोगी पडतो. दोन भाषांत चर्चा असेल आणि प्रत्येक वाक्यानंतर भाषांतर होणार असेल तर वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. मुद्दे निम्मे करा. दुभाषाला घाई करू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष चर्चा चालवताना

समोरासमोर बोलताना एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात फार थोडा वेळ जातो. १० भाषांतल्या संभाषणांची तुलना करणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळले होते. फोनच्या किंवा इंटरनेटच्या जोडणीत आवाज पोहोचायलाच उशीर होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने हा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. रेंज खराब असली की तो त्याहूनही वाढतो. परिणाम असा होतो की आपल्याला शांतता वाटते त्या क्षणी दुसऱ्या टोकाला कोणी तरी बोलायला लागलेले असते, दोघे एकदम बोलतात, दोघे थांबतात, आणि पुन्हा सुरुवात करतो तो नेहमी बोलायची सवय असलेला माणूस. जो मुळातच संकोची आहे, ज्याची भाषा वेगळी आहे, ज्याची रेंज कमजोर आहे, तो ‘नाही, नाही, तुम्ही बोला’ म्हणून गप्प होतो. यात कोणाचा उद्धटपणा नसतो. म्हणून ‘कोणाला काही बोलायचे आहे का’ हा प्रश्न अशा बैठकीत विचारूच नये, असे मला वाटते.

त्याऐवजी नावांची यादी हातात घेऊन फेरी करा. फेरीची सुरुवात फोनवर असलेल्यांपासून आणि उजव्या रकान्यातल्या माणसांपासून करा. पदाधिकारी आणि जाणकार शेवटी. पुढचे नाव आधीच सांगून ठेवा (‘आता सुमनताई, त्यांच्यानंतर रमेशभाऊ’), म्हणजे ऐनवेळी धांदल होत नाही. प्रत्येकाला २ मिनिटे द्या आणि ‘सध्या काही नाही’ म्हणायची पूर्ण मुभा ठेवा. मात्र फेरी संपल्यावर अशांना एकदा पुन्हा विचारा. नाव घेतल्यावर मनात १० पर्यंत अंक मोजा. ही शांतता सूत्रधाराला जितकी लांब वाटते तितकी ती नसते, आणि फोनवरचा माणूस त्या वेळात बटण शोधत असतो.

बोलणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी नाव सांगावे, हा नियम सुरुवातीलाच घाला. पडद्यावर काही दाखवले तर ते शब्दांत सांगा: ‘इथे नकाशात उत्तरेकडचा रस्ता लाल केला आहे’ असे म्हणा; नुसते ‘हे इथे बघा’ असे म्हणू नका. मत घ्यायचे असेल तर नुसते हात वर करायला सांगू नका, कारण फोनवरचे हात सगळ्यांना दिसत नाहीत; नावानिशी विचारा. माणसे ८ च्या वर असतील तर २० मिनिटांसाठी तिघा-चौघांचे छोटे गट करा. मोठ्या बैठकीत तोंड न उघडणारे तिथे बोलतात. फोनवरच्यांना अशा गटांत पाठवणे जमत नसेल तर त्यांचा स्वतंत्र गट मुख्य खोलीतच ठेवा आणि इतरांना बाहेर पाठवा. एकूण बैठक ६० ते ९० मिनिटांपुरतीच असावी, आणि ४५ मिनिटांनंतर थोडी विश्रांती असावी.

एक गोष्ट आखणीत सहसा येत नाही. साथीच्या काळात बैठकीला आलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी मृत्यू झालेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते. सुरुवातीची ५ मिनिटे ख्यालीखुशालीसाठी ठेवा आणि कोणी बोलताना हुंदका आला तर घाईने विषयावर येऊ नका. कार्यक्रमपत्रिका थोडी मागे पडली तरी चालते.

आठवी पायरी: सुरक्षितता

२०२० च्या मार्चमध्ये अनोळखी माणसे उघड्या लिंकवरून बैठकांत घुसून शिवीगाळ करू लागली आणि अमेरिकेच्या तपासयंत्रणेने महिनाअखेरीस याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यानंतर एप्रिलमध्ये झूमने प्रतीक्षाकक्ष (संयोजक आत घेईपर्यंत लोकांना थांबवून ठेवणारी सोय) आणि पासवर्ड ही व्यवस्था आपोआप लागू केली. लिंक सार्वजनिक जागी टाकू नका आणि प्रतीक्षाकक्ष सुरू ठेवा. मात्र त्यात एक खाच आहे: फोनवरून येणाऱ्यांचे नाव दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो, आणि घाईत नेमकी हीच माणसे बाहेर राहतात. म्हणून क्रमांकांची यादी आधीच करून मदतनीसाजवळ ठेवा.

दुसरा धोका घरातलाच असतो. बोलणाऱ्याच्या शेजारी कोण बसले आहे ते आपल्याला दिसत नाही. घरातील हिंसा, पैसा, आजार असा नाजूक विषय असेल तर मोठ्या बैठकीत व्यक्तिगत अनुभव सांगायला लावू नका. त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे फोन करा, आणि आधी हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. रेकॉर्डिंग करायचे असेल तर ते कशासाठी, कोण ऐकणार आणि कधी पुसणार हे सांगून प्रत्येकाची संमती घ्या. एकानेही नको म्हटले तर टिपणांवर भागवा.

नववी पायरी: बैठकीनंतरचे दोन दिवस

४८ तासांच्या आत तीन गोष्टी सर्वांना कळवा: काय ठरले, काय ठरले नाही, आणि ज्या सूचना मान्य झाल्या नाहीत त्या का झाल्या नाहीत. लिखित इतिवृत्ताबरोबर ३ मिनिटांचा ध्वनिसंदेशही पाठवा, आणि ज्यांच्याकडे दोन्ही पोहोचत नाही त्यांना फोनवर वाचून दाखवा. गैरहजर राहिलेल्यांचे मत घेण्यासाठी एक मुदत ठेवा, आणि त्या मुदतीपर्यंत निर्णय कच्चा आहे असे स्पष्ट लिहा.

मग टिपणकाराकडून एक छोटा हिशेब मागा. प्रत्येक नावापुढे तो माणूस किती वेळा आणि अंदाजे किती मिनिटे बोलला याच्या खुणा त्याने बैठकीतच करून ठेवायच्या असतात. काम सोपे आहे, कागदाच्या समासात होते. पहिल्या काही बैठकांत हा हिशेब पाहून ओशाळायला होते, कारण सर्वाधिक खुणा बहुधा सूत्रधाराच्याच नावापुढे असतात. ज्यांच्यापुढे एकही खूण नाही त्यांना दोन दिवसांत फोन करा आणि ‘तुम्ही बोलला नाहीत’ असे न म्हणता ‘बैठकीत कुठे अडचण आली’ असे विचारा. कोणाला आवाजच येत नव्हता, कोणाला वेळ जमली नव्हती, कोणाला विषय आपला वाटला नव्हता. ही उत्तरे जपून ठेवा; पुढच्या बैठकीच्या कागदावर उजवा रकाना भरताना सुरुवात त्यांच्यापासूनच होते.